सेतुमाधव सरांच्या वर्गाचा निकाल

त्र्यंबक सरपोतदारांची पिंपरीहून चेन्नईला बदली झाली तेव्हा त्यांची मुलगी देविका नुकतीच दहावी झाली होती. ओरगडमला ट्रकचे ब्रेक ड्रम बनवणारा एक नवा कारखाना उभा राहत होता, तिथल्या तपासणी विभागाचं काम त्यांच्याकडे आलं होतं. साल दोन हजार सात. पोरूरला घर मिळालं, गॅस मिळाला, पाण्याच्या टँकरवाल्याशी ओळख झाली. पण तमिळचं अक्षरही न येणाऱ्या मुलीला अकरावीला कुठे घालायचं, हे काही ठरेना. शेवटी कंपनीतल्या एकाने नुंगंबाक्कममधली एक शाळा सुचवली. तिथे ए लेव्हलची परीक्षा होती. दोन वर्षांचा अभ्यास, मोजकेच विषय, आणि पेपर तपासले जायचे ते थेट इंग्लंडमध्ये.

शाळेच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर विषयवार निकाल छापले होते. देविकाची आई विद्युलता ते पान घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली.

"बिझनेस स्टडीजमध्ये बघ, चौघांतला एक नापास. इकॉनॉमिक्स जरा बरं. गणित त्याहून बरं. आणि हे शेवटचं काय गं? फर्दर मॅथ्स. दर वर्षी शंभर टक्के!"

"मग तेच घेते," देविका म्हणाली. "सगळे पास होतात म्हणजे सोपंच असणार."

ती थट्टा करत नव्हती. दहावीला गणितात तिला पंचाहत्तरच्या आसपास टक्के होते. ते तिला आवडायचं, पण वेळ लागायचा. पेपर संपायची घंटा झाली की तिचं एक उदाहरण हमखास अर्धं राहिलेलं असायचं. शंभर टक्के पास होणाऱ्या विषयात आपल्यालाही कुठेतरी जागा असेल, एवढाच तिचा हिशेब होता.

शाळेत ए लेव्हल विभागाचं काम राममूर्ती मॅडम बघत. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, बोलणं इंग्रजीत आणि नेमकं. वडिलांबरोबर आलेल्या देविकाची गुणपत्रिका बघून त्यांनी मान हलवली.

"फर्दर मॅथ्स, म्हणजे गणिताच्या जोडीला घ्यायचं वरचं गणित, ते नाही मिळणार. त्याला आम्ही गणितात नव्वदच्या वरचीच मुलं घेतो. त्यांतलीही काही पहिल्या वर्षीच्या जानेवारीच्या परीक्षेनंतर गळतात. बिझनेस स्टडीज घे."

"पण मॅडम, त्यात तर चौथा हिस्सा नापास होतो," देविका म्हणाली.

राममूर्ती मॅडमना हसू आलं. "तू सरांनाच भेट. वरच्या मजल्यावर, टोकाची खोली."

टोकाच्या खोलीत सेतुमाधव सर फळा पुसत होते. साठीला आलेले, उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर खडूची पूड. सरपोतदार हे आडनाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

"मराठी काय तुम्ही? बसा, बसा. आम्ही तंजावरचे. आमचे पणजे तिकडून कधीं आले, कोण्हास ठाऊक. घरांत बोलतों, पण तुमच्यासारखें नाहीं. हंसूं नका."

देविकाला खरंच हसू येत होतं. सरांची मराठी एखाद्या जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी होती, आणि तिला चाल मात्र तमिळची होती. सरांनी विचारलं, "हा विषय कां पाहिजे तुला?" तिने खरं ते सांगून टाकलं. त्र्यंबकरावांनी संकोचून खाली पाहिलं.

सर हसले नाहीत. फळ्याकडे वळून त्यांनी लिहिलं : तीन, पाच, सात, नऊ.

"विषम आंकडा घे. कोणताही. त्याचा वर्ग कर, त्यांतून एक काढ. आठानें भाग जातो. नेहमीं जातो. कां जातो, तें मला सांग. आज नको. झालें म्हणजे ये."

दुसऱ्या दिवशी देविका आली ती दोन पानं भरून आकडे घेऊन. अगदी चार आकडी संख्यांपर्यंत तिने करून पाहिलं होतं. "नेहमी जातो सर. का जातो ते नाही कळलं." सरांनी पानं परत दिली. "जातो हें मीच सांगितलें होतें." त्यानंतरही तिची एक फेरी फुकट गेली. मग एका सकाळी ती शाळा भरायच्या आधीच टोकाच्या खोलीबाहेर उभी होती.

"सर, वर्गातून एक काढला की दोन तुकडे पडतात. आधीचा आकडा गुणिले नंतरचा आकडा. आपला आकडा विषम आहे, म्हणून शेजारचे दोन्ही सम. आणि सलग दोन सम आकड्यांत एकाला तरी चारने भाग जाणारच. एकात चार, दुसऱ्यात दोन. झाले आठ."

सर तडक खाली गेले आणि राममूर्ती मॅडमना म्हणाले की ही मुलगी माझ्या वर्गात बसेल.

"हिच्याहून हुशार मुलांना आपण नाही म्हटलंय," मॅडम म्हणाल्या.

"ती मुलं उत्तर नाही आलं की परत येत नसत. ही आली."

अशी देविका त्या वर्गात शिरली, आणि पहिल्या आठवड्यातच तिला कळलं की सोपं वगैरे काही नाही. वर्गात बाकीचे सात जण होते. सर फळ्यावर अर्धी ओळ लिहीपर्यंत त्यांची उरलेली ओळ वहीत उतरलेली असायची. वर्गमुळाच्या आत उणे एक घालून त्याच्याशी खुशाल बेरीज-वजाबाकी चालायची. देविकाला प्रश्न समजायचा तेव्हा वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा. तिच्या शेजारी वेंकट बसायचा. त्याचं घरही तंजावर मराठी होतं, पण तो मराठीपेक्षा तमिळ सहज बोलायचा, आणि दोघांचं बोलणं शेवटी इंग्रजीतच व्हायचं. वेंकट झटपट होता. पण झटपट चुकायचाही.

"तुला राग नाही येत?" एकदा त्याने तिला विचारलं. "सगळ्यांच्या शेवटी असण्याचा?"

"कोणीतरी शेवटी असणारच ना," देविका म्हणाली. "मला इथलं आवडतं."

आणि ते खरंच होतं. घरी ती एकेक उदाहरण दोन-दोन दिवस घेऊन बसायची. आई चिडायची, बाबा चहा करून द्यायचे. सर शनिवारी सकाळी शाळेत येत आणि जो येईल त्याला शिकवत. बहुतेक शनिवारी देविका असायची, कधी वेंकट, कधी श्रीविद्या नावाची एक अबोल मुलगी. सर कधी उत्तर सांगत नसत. "पुढें काय दिसतें?" एवढंच विचारत, आणि मग गप्प बसत. त्यांच्याइतकं शांत बसणारा शिक्षक देविकाने पाहिला नव्हता. पुण्यात क्लासचे सर तीन मिनिटांत फळा भरून टाकायचे.

शाळेची जानेवारीची परीक्षा झाली आणि देविका नापास झाली. वेंकट आणि श्रीविद्याही. राममूर्ती मॅडमनी त्र्यंबकरावांना बोलावून घेतलं. सरही येऊन बसले होते. देविका दाराशी उभी होती, तिला मॅडमनीच आत बोलावलं.

"मिस्टर सरपोतदार, मी स्पष्टच सांगते. दर वर्षी या परीक्षेनंतर आम्ही कच्च्या मुलांना हा विषय सोडायला सांगतो. पालकही ऐकतात. मुलांच्याच भल्याचं आहे ते. नापास ग्रेडचा कागद घेऊन कॉलेजात जाणं काही बरं नाही. आणि हो, शाळेचंही बघावं लागतं. लोक ते शंभर टक्के बघून येतात. तुम्हीसुद्धा आलात."

"आलो खरा," त्र्यंबकराव म्हणाले. ते मुळात कमी बोलणारे, त्यात इंग्रजीत आणखी कमी. पण हा त्यांच्या रोजच्या कामातला विषय होता. "मॅडम, आमच्याकडे ओतलेले ड्रम येतात. शेवटच्या तपासणीत आमचा एकही ड्रम नापास होत नाही. पाहुणे आले की साहेब तो आकडा दाखवतात. पण तो आकडा शेवटच्या तपासणीबद्दल काहीच सांगत नाही. तिथवर पोचायच्या आधीच आम्ही वाईट ते उचलून बाजूला ठेवलेले असतात. ते परत भट्टीत जातात, वितळतात, नव्याने ओतले जातात. लोखंडाचं काही बिघडत नाही त्यात." ते थांबले. "मुलांचं काय करता, ते मला माहीत नाही."

मॅडमनी टेबलावरचा पेपरवेट एकदा फिरवला.

"देविका, तुला काय वाटतं?"

"मला शेवटपर्यंत बसायचंय मॅडम. नापास झाले तर होईन." मग तिला राहवलं नाही. "आणि ऑक्टोबरात जे मला कळलं नव्हतं ते मला डिसेंबरात कळलं. पण पेपरात तोवर दुसरंच विचारलं."

सेतुमाधव सर आता इंग्रजीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "मॅडम, आजवर माझ्याकडे कोणी राहू का असं विचारलं नव्हतं. सांगितलं की जायचे. ही विचारते आहे. हिला मी काय कारण सांगू? हिला शिकता येत नाही, असं मला सांगता येणार नाही. ते खोटं होईल."

मॅडमनी एक उसासा सोडला. "ठीक आहे. पण मग नियम एकीसाठी मोडायचा नाही. बाकी दोघांनाही विचारते."

श्रीविद्याने राहते म्हणून सांगितलं. वेंकटचे वडील गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात व्यवस्थापक होते, ते नको म्हणत होते. वेंकटनेच स्वतः मॅडमना अर्ज लिहून दिला. अशी तिघंही वर्गात राहिली.

पुढचं सव्वा वर्ष कसं गेलं, हे देविकाला नंतर कोणी विचारलं तर तिला सलग सांगता यायचं नाही. तिला तुकडे आठवायचे. एप्रिलच्या उन्हात पंखा बंद पडलेला आणि सर हृदयाच्या आकाराची एक वक्ररेषा फळ्यावर काढतायत. सगळ्यांत पुढे असलेला मुलगा तिला विचारतोय, "तू ही पायरी का घेतलीस?" आणि तिच्या लक्षात येतंय की त्याने ती गाळली होती. वेंकट चिडून वही आपटतोय. सर ती उचलून, झटकून त्याच्यासमोर ठेवतायत आणि म्हणतायत, "परवायिल्ल, कण्णा. होऊं दे. पुन्हां पाहूं." कण्णा म्हणजे बाळा. आणि असू दे, काही बिघडत नाही, या अर्थाचा 'परवायिल्ल' हा तमिळ शब्द देविका चेन्नईत सगळ्यात आधी शिकली, आणि तो सरांकडूनच.

एक गोष्ट मात्र तिला स्पष्ट कळली. साध्या गणिताचा दुसरा विषय, जो आधी तिला जड जायचा, तो आता सपाट रस्त्यासारखा वाटायला लागला होता.

परीक्षा झाली. दोन हजार नऊच्या ऑगस्टमध्ये निकाल आला. साध्या गणितात देविकाला ए मिळाला. फर्दर मॅथ्समध्ये ई, म्हणजे पास होणाऱ्यांतला शेवटचा ग्रेड. श्रीविद्याला सी. आधीपासून पुढे असलेल्या पाचांना नेहमीसारखे ए आणि बी. आणि वेंकट नापास.

विद्युलताने पेढे आणले नव्हते, कारण ई ला पेढे वाटावेत की नाही हे तिला ठरवता येईना. त्र्यंबकराव मात्र ओरगडमहून येताना वाटेत थांबून म्हैसूरपाक घेऊन आले. "ज्या परीक्षेला बसूच नको म्हणत होते, ती पास झालीस," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

शाळेत विश्वस्तांची बैठक बसली. तिथे काय झालं, ते राममूर्ती मॅडमनीच पुढे त्र्यंबकरावांना सांगितलं. विश्वस्तांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यंदा पेपर फार अवघड होता का?"

"नाही," सर म्हणाले. "पेपर दर वर्षीसारखाच होता."

"मग तुमचं शिकवणं कमी पडलं?"

"ज्यांना तुम्ही एरवीही बसू दिलं असतं, ते पाच जण उत्तम पास झालेत. फक्त तेच बसले असते तर आज तुम्ही शंभर टक्के म्हणून माझं कौतुक केलं असतं. तेव्हाही मी हाच माणूस असतो, आणि पेपरही हाच. यंदा आणखी तिघं बसली. त्यांतली दोन पास झाली. मागच्या इतक्या वर्षांत अशी किती मुलं पास होऊ शकली असती आणि आपण त्यांना घरी पाठवलं, ते मात्र आता कोणाला कळायचा मार्ग नाही."

एका विश्वस्तांनी विचारलं, या मुलांना परवानगी दिली कोणी. सर तोंड उघडणार तोच राममूर्ती मॅडम म्हणाल्या, "मी दिली. आणि यापुढेही देणार आहे. एक सुचवते. टक्केवारी छापायची तर किती मुलं बसली, आणि सुरुवातीला किती होती, तेही शेजारी छापू. बिझनेस स्टडीजच्या बाई दर वर्षी इथे मान खाली घालून बसतात. त्यांच्याकडे आपण कोणालाच नाही म्हणत नाही, हे तरी लोकांना दिसेल."

हे सांगताना मॅडमचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. त्र्यंबकराव म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी माणसं आमच्या तपासणी विभागात हवीत." त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

पण वेंकट घराबाहेर पडत नव्हता. फोनही घेत नव्हता. देविकाने सरांना हे सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "त्याच्याकडे मी आज जाणारच होतों. तूंही चल."

वेंकटचं घर पश्चिम मांबलमला होतं. दार त्याच्या आईने, तुळसीबाईंनी उघडलं. सरांना पाहून त्यांनी पदर सावरला, बसायला सांगितलं, पाणी दिलं. आणि मग, उभ्यानेच, मनात साठलेलं बोलल्या.

"मेल्या परीक्षेचें नांव काढूं नका सर. तुम्हीच ठेवून घेतलांत त्याला. त्याचे अप्पा तेव्हांच नको म्हणत होते. सोडूं दिलें असतें तर आज हें झालें नसतें. पोर जेवत नाहीं."

देविकाला वाटलं, सर आता समजावतील. गणितात वेंकटला बी आहे, इंजिनियरिंगला तेवढं पुरतं, असं काहीतरी. ते खरंही होतं. पण सरांनी मान खाली घातली.

"होय बाई. मींच ठेवून घेतलें. हें दुःख माझ्यामुळें झालें. मी नाहीं म्हणत नाहीं."

तुळसीबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. तेवढ्यात आतून वेंकट आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. तो आईशी तमिळमध्ये काहीतरी भरभर बोलला. देविकाला त्यातला एकच शब्द कळला, "नानदान". मीच. अर्ज मीच लिहिला होता, असं तो सांगत होता.

मग तो सरांसमोर बसला. "सर, फिरत्या चकतीचं उदाहरण होतं. मी ते पंधरा मिनिटांत सोडवलं. बाहेर आल्यावर कळलं की चुकलं. मला अजून कळत नाही, कुठे."

"पेपर आहे?"

"आहे."

"आण."

बैठकीच्या खोलीतल्या छोट्या टेबलावर तिघं बसली. वेंकटने झरझर लिहायला सुरुवात केली. सर गप्प. देविका त्याच्या ओळीमागून ओळ वाचत होती, तिच्या नेहमीच्या संथ चालीने. मध्येच तिने बोट ठेवलं. "थांब. इथे चकती मध्यातून फिरते असं धरलंयस तू. पण ती कडेला टांगलीय ना?"

वेंकटने वहीकडे पाहिलं. प्रश्नाकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "अय्यो!"

सरांनी फक्त कोरा कागद पुढे सरकवला.

तुळसीबाई कॉफी घेऊन आल्या, तेव्हा वेंकट पुन्हा पहिल्यापासून लिहीत होता, या वेळी सावकाश. त्यांनी पेले ठेवले आणि तिथेच उभ्या राहिल्या. मुलाच्या चेहऱ्यावर त्यांना बऱ्याच दिवसांनी काहीतरी दिसत होतं.

"हें एवढें कळायला दोन वर्षें लागलीं काय रे?" त्या शेवटी म्हणाल्या, पण आवाजात मघाचा राग नव्हता.

"बाई, मला अजून लागताहेत," सेतुमाधव सर म्हणाले.

वेंकट नोव्हेंबरात पुन्हा बसला आणि डी घेऊन पास झाला. तोवर देविका कॉलेजात गेली होती, गणित घेऊनच. तिने आईला सांगून ठेवलं होतं की तिथला निकाल किती टक्के लागतो, ते मी बघितलेलं नाही. पश्चिम मांबलमच्या त्या घरी, त्या दुपारी मात्र हे काहीच ठरलेलं नव्हतं. कॉफी निवत होती, खालच्या रस्त्यावर भाजीवाली ओरडत होती, आणि वेंकटला पुढच्या पायरीचं चिन्ह उणे घ्यावं की अधिक, ते ठरत नव्हतं. सर वाट बघत होते.